सगळ्यात शेवटी पॉल

"डॉक्टर, तुम्ही फक्त लिहून द्या की धोका आहे," मिस्टर ओल्सन म्हणाले.

"पण धोका नाहीये."

"मग ‘असू शकतो’ असं लिहा."

शॉमबर्ग गावाच्या पलीकडच्या एका छोट्या चर्चचं बेसमेंट, पातळ कॉफी आणि आमची तिसरी मीटिंग. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटमध्ये साथरोगांचं काम बघत होते. एड्सवर धड औषध नव्हतं आणि भीतीने शहाण्यासुरत्या माणसांची डोकी फिरली होती.

या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या हेलनबाईंचा मुलगा पॉल एड्स होऊन घरी परतला होता. त्याचे फार दिवस उरले नव्हते. त्याला एकदा सगळ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यायचं होतं. या विधीत सगळे एकाच पेल्यातून वाइनचा घोट घेतात. कमिटीचे अध्यक्ष ओल्सन म्हणत होते, त्याने घरीच घ्यावं.

मी स्लाइड्स दाखवल्या. हा विषाणू रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो. कॅज्युअल कॉन्टॅक्टने, म्हणजे शेजारी बसून, हात मिळवून, एका भांड्यातून पिऊन जात नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी म्हणालं, "पण समजा..." आणि आम्ही पुन्हा पहिल्या स्लाइडवर.

आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी याच लोकांनी याच बेसमेंटमध्ये ब्लँकेटांचे गठ्ठे बांधले होते. लांबच्या माणसासाठी ते एका पायावर तयार असत. दोन बाकं पुढे बसणारा पॉल मात्र त्यांना झेपत नव्हता.

घरी नवरा हसत होता. "म्हणजे तू चर्चमध्ये जाऊन लोकांना सांगतेस, खुशाल एकमेकांचं उष्टं प्या? तुझ्या आईला कळलं तर बघ हं."

त्याचं हसणं मला अजिबात सहन झालं नाही, कारण तिसऱ्या मीटिंगमध्ये ओल्सननी नेमकं उष्ट्याचंच विचारलं होतं.

"तुम्ही स्वतः प्याल त्याच्यानंतर?"

"नाही," मी म्हटलं. "पॉलनंतर नाही, तुमच्यानंतर नाही आणि पास्टरांच्यानंतरही नाही. आमच्या घरी दुसऱ्याने तोंड लावलेलं पीत नाहीत. ती सवय आहे, त्याचा सायन्सशी काही संबंध नाही. एका पेल्यातून पिणारे सगळे एक कुटुंब, हे तुम्ही म्हणता. मी नाही म्हणत."

शेवटी कमिटीने ठरवलं की पॉलने यावं, पण सगळ्यात शेवटी. आपण केवढा मोठेपणा दाखवला अशा चेहऱ्याने सगळे उठले. हेलनबाई हळूच "चालेल" म्हणाल्या. मला इतकी चीड आली की मी कोणाचा निरोपही घेतला नाही.

त्या रविवारी हेलनबाईंच्या आग्रहाखातर मी मागच्या बाकावर बसले. पेला धरायची पाळी ओल्सन यांची होती. रांग संपली. आईचा हात धरून पॉल आला. त्याचा कोट त्याच्या अंगावर नुसता लोंबत होता. त्याने घोट घेतला.

आणि ओल्सन जागच्या जागी थांबले.

त्या चर्चची रीत अशी की उरलेली वाइन ओतून टाकायची नाही. ज्याने पेला धरला, त्यानेच ती तिथे उभं राहून संपवायची. वर्षानुवर्षं पाळलेली ही रीत तीन मीटिंगांमध्ये एकाही शहाण्याला आठवली नव्हती. सगळ्यांचं रक्षण करायला निघालेल्या ओल्सननी स्वतःलाच पॉलच्या मागे उभं केलं होतं.

पास्टरांनी पेल्यासाठी हात पुढे केला.

"राहू द्या, सर," पॉल म्हणाला. "पास्टरांना द्या. मला वाईट नाही वाटणार."

ओल्सन त्याच्याकडे बघत राहिले. तीन मीटिंगा त्याच्याबद्दल बोलून झाल्या होत्या, पण त्याच्या तोंडाकडे ते बहुधा पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी पेला रिकामा केला, बाजूला ठेवला आणि पॉलच्या दुसऱ्या हाताला धरून त्याला बाकापर्यंत नेलं.

पुढे पॉल जेमतेम काही रविवार आला. तो रांगेत कितवा आहे, हे कोणी बघितलं नाही.

सोमवारी बॉसने विचारलं, "कोणत्या स्लाइडने काम झालं?"

"कोणत्याच नाही."

त्यानंतर अशा मीटिंगला जाताना मी एकच अट घातली. ज्याच्याबद्दल बोलायचं, तो माणूस खोलीत हवा. मीटिंगा बऱ्याच लवकर संपतात.