जनाच्या बाटलीतले गोचीड

कोंडाण्याच्या वाडीवरची जना गोड बोलते असं कुणी सांगितलं, तर तो तिला भेटलेला नाही असं खुशाल समजावं. अख्ख्या गावाच्या गुरांचे गोचीड तीच काढायची, पण शिव्या घालत.

मागच्या थंडीत निशिगंधा नावाची संशोधक मुलगी आली. दूरदेशाहून येणारी पाखरं जाळीत धरायची, त्यांच्या डोळ्यांभोवतीचे गोचीड बाटलीत घालायचे, पाखरं सोडून द्यायची. कुठला ताप येऊ घातलाय ते माणसं आजारी पडायच्या आत कळावं, म्हणून हा खटाटोप. गुरांचेही गोचीड तपासायचे होते. तिने जनाला कामाला घेतलं.

तेवढ्यात गावातल्या नामाच्या सुनेला ताप भरला.

"परक्या पाखरांची घाण ह्या जनानंच आनली गावात!" नामा पारावर ओरडला.

आमच्याकडे भात कापलं की शेतं सगळ्यांच्या गुरांना मोकळी असतात. नामाने मात्र आपल्या शेताच्या वाडीकडच्या बांधावर काटेरी फांद्या रचल्या. बाकीच्यांची गुरं आत, जनाच्या शेळ्या बाहेर. दाव्याला बांधून ठेवल्याने त्यांचं दूध आटलं.

तपासणीत सुनेला डेंग्यू निघाला. नामाच्याच अंगणातल्या उघड्या पिंपात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने ना पिंप झाकलं, ना काट्या काढल्या. मूर्खाला लाजही नसते.

मग त्याची गाय खंगली. दोन्ही कान गोचिडांनी भरले, तेव्हा आला जनाच्या दारी. मी तिथेच बसले होते.

"जना, बघ गं जरा."

"घाण आननारी मीच ना रं?"

"झालं ते झालं."

"काट्या काढल्यास?"

"काढीन की. आदी गाय बघ."

जनाने बाटली आणली. एका कानातले गोचीड टिपून आत टाकले आणि झाकण लावलं.

"आनि दुसरा कान?"

"माझी बाटली भरली. त्यो तुझा."

"आगं, मरंल ती!"

"मंग पळ. काट्या निगाल्या की मी हितंच हाय."

नामा माझ्याकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस? कोयता घे," मी म्हटलं.

गेला धुसफुसत. शेळ्या त्याच्या शेतात शिरलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच जनाने दुसऱ्या कानाला हात लावला. नामाच्या सात पिढ्या उद्धरत कान लख्ख केला.

नामाचं पिंप अजून उघडंच आहे.