माबेलाच्या वादीतला कोच

भानुदास साळवी चिपळूणकडचा, मस्कतमध्ये एसी मेकॅनिक. २०११ साली कामगारांच्या रग्बी लीग टीमचा तो विंगर होता. विंगर म्हणजे कडेला उभा राहायचा आणि चेंडू हातात पडला की जीव खाऊन पळायचा. साहेब लोकसुद्धा त्याला रॉकेट म्हणत. तीन वर्षांत गुडघा गेला. कंपनीने गोळ्या दिल्या, खलास! मग भानुदास कोच झाला.

हिरवळीची मैदानं मदिनत सुलतान काबूस या श्रीमंत वस्तीतल्या साहेबांना. हिरवळ कुणाच्या बापाची, हे विचारायचं नाही. माबेलाच्या लेबर कॅम्पातल्या कामगारांना वादी, म्हणजे नदीचं कोरडं पात्र. तिथले दगड वेचून भानुदासने मैदान केलं. पळताना खिशातून पडू नयेत म्हणून तो सगळ्यांची रेसिडेंट कार्डं एका बॅगेत घालून मैदानाच्या मध्येच ठेवायचा. कार्ड हरवलं की अर्बाबपुढे, म्हणजे मालकापुढे, हात जोडून उभं राहायचं, हे प्रत्येकाला ठाऊक.

२०१६च्या मार्चमधला शुक्रवार. दुसऱ्या दिवशी साहेबांशी मॅच, म्हणून सराव चालू होता. डोंगरावर आभाळ काळंठिक्कर पडलं होतं. पात्रात चरणाऱ्या शेळ्या कुणी न हाकलता काठावर चढल्या.

टँकरवाला बलुची जहूर काठावरून ओरडला, "उस्ताद, निकलो! ऊपर पहाड़ में जोर की बारिश है!"

"डोंगर कुठे, आपण कुठे! कोकणातल्या माणसाला पावसाची भीती घालतोस?"

"कोच, वारा गार सुटलाय," नवा विंगर स्वप्निल म्हणाला.

"मग उद्या शाल पांघरून खेळणार काय? पळ!"

इथे थेंब नव्हता. आधी ट्रकांची रांग यावी तसा आवाज आला, मग झाडं लोळवत तांबडं पाणी. सगळे काठाकडे धावले. सगळ्यांत वेगवान स्वप्निल, तोच मागे फिरला. बॅगेसाठी.

"सोड ती! स्वप्न्या, सोड!"

त्याने बॅग काठावर भिरकावली. बॅग पोचली, स्वप्निल नाही. भानुदासने कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली, पण गुडघा दुमडला. जहूरने कॉलर धरून त्याला ओढून काढलं.

पोलिसांच्या आधी कंपनीचा माणूस आला. "पिकनिकला आलो होतो, असंच सांगायचं. नाहीतर व्हिसा कॅन्सल. समजलं?"

पोलिसाने विचारलं, इथे कुणी आणलं? उरलेल्या बाराही जणांनी माना खाली घातल्या.

"मी आणलं," भानुदास म्हणाला. मग त्याने जहूरकडे बोट केलं. "ह्याने सांगितलं होतं निघा म्हणून, मी ऐकलं नाही. जहूर, अरबीत सांग त्याला. एक शब्द गाळू नकोस."