मिस्त्रींचा बरोबरीत सुटलेला डाव

लाकूड कारखान्यातल्या मिस्त्रींचं तोंड त्यांच्या करवतीपेक्षा जरा धारदारच. जेवणाच्या सुट्टीत ते बुद्धिबळ मांडायचे. समोर त्यांचा धाकटा साडू, कारखान्याचा मुकादम. त्याचा खेळ म्हणजे आंधळ्यानं गोफण फिरवावी तसा. म्हणून मिस्त्री आधीच आपला वजीर बाजूला काढायचे आणि तरीही त्याला धूळ चारायचे.

"सासऱ्यानं पहिला जावई डोळे उघडे ठेवून बघितला," ते म्हणायचे, "दुसऱ्याला गाठेपर्यंत म्हाताऱ्याला डुलकी लागली."

अलीकडे मिस्त्रींचं काहीतरी बिनसलं होतं. एकदा चालू पात्याकडेच हात गेला. शेजारच्यानं ओढलं म्हणून बोटं वाचली. त्यांची बायको मुकादमाला म्हणाली, "भाऊजी, यांना करवतीवरून उठवा. चहा प्यायलेलाही विसरतात हो."

"ताई, काहीतरीच! डोकं चळलेला माणूस मला वजिराशिवाय लोळवील का?"

एवढ्या आधारावर मुकादम निर्धास्त होता.

त्या दुपारी त्याचा एकटा राजा कोपऱ्यात उरला होता. मिस्त्रींकडे दोन हत्ती. त्यांनी एक सरकवला आणि हात झटकले. "चल, मर आता."

"चालू कुठं? घरच नाही."

"मग मेलास."

"दादा, पण शह कुठंय? शह न देताच कोंडलंत. डाव बरोबरीत सुटला."

ही नवशिक्याची चूक. राजाला कोंडताना श्वासापुरतं एक घर ठेवावं, हे मिस्त्रींनीच त्याला शिकवलेलं.

"दिलाय की शह." मिस्त्रींचं बोट हत्तीवरून राजाकडे निघालं, मध्येच अडखळलं, परत फिरलं.

"मुकादम, आज सूर्य कुठून उगवला?" कामगार ओरडले. मुकादम मात्र मिस्त्रींच्या त्या बोटाकडेच बघत होता.

भोंगा वाजला. मिस्त्री सवयीनं करवतीच्या बटणाकडे निघाले. मुकादम आडवा उभा राहिला.

"सरक."

"नाही, दादा. आजपासून करवत बंद तुमची."

"एकदा बरोबरी साधली तर एवढा माज?" मिस्त्री मोठ्यानं हसले. दुसरं कोणीच हसलं नाही. तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. "हिनं सांगितलं?"

"कधीचंच. मीच कानाआड केलं."

मिस्त्री ओंडक्यावर बसले, नखानं त्याची साल काढत. करवत चालवणारं दुसरं कोणी नव्हतंच; मुकादमानं सगळ्यांना घरी धाडलं आणि मिस्त्रींच्या दंडाला धरलं.

"हात सोड. रस्ता ठाऊक आहे मला."

त्यानं हात सोडला. पण मिस्त्रींच्या घराचं दार येईपर्यंत चार पावलं मागं राहून चालत गेला.