चंद्रावरचा खून आणि गुंफामावशीची भिंत

आता काय सांगू तुम्हाला, चंद्रावर झालेल्या एका खुनासाठी मी मोताळ्याच्या भर बाजारात एका भल्या माणसाला पकडलं.

माझा दादा चार महिन्यांपूर्वी गेला. तापाचं निमित्त झालं. घरात त्याचं नाव निघालं, की मी उठून गोठ्यात जायचो. परवा आईने त्याची ट्रंक झाडायला काढली आणि तळाशी एक वही निघाली. शाळा मी सातवीत सोडली, त्यामुळे वाचायला मला वेळ लागतो. पण पहिल्याच ओळीवर बोट थांबलं. 'खून झाला तेव्हा सलीमचाचा दुकानात नव्हते. ते खोटं बोलतात.'

सलीमचाचा म्हणजे आमच्याकडे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. दादाचे जिवलग दोस्त, वयात तीस वर्षांचं अंतर असूनही.

पुढे लिहिलं होतं, 'चंद्रावर पाणी दहा दिवसांनी येतं.' तुम्ही म्हणाल, इथे तरी तुला कळायला हवं होतं. पण दहा दिवसांनी पाणी म्हटल्यावर मला आमच्या मोताळ्याशिवाय दुसरं कोणतं गाव आठवणार? दादाने भीतीपोटी गावाचं नाव बदललं, हे मी लगेच ताडलं. स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

शेवटची ओळ होती, 'पुरावा गुंफामावशीच्या भिंतीमागे. एवढंच राहिलं.'

दादाचं राहिलेलं काम. मग मी थांबतो काय?

गुंफामावशीची पिठाची गिरणी आहे. सब्बल घेतली आणि तिच्या कोठीच्या भिंतीला लागलो. चौथी वीट निघाली तशी मावशी आली.

"काऊन बे पप्या, माह्या भिंतीचं काय करून राह्यला?"

"मावशी, आत काय लपवलं ते सांगा."

"उंदरं हायेत. नेतो काय घरी?"

खरंच उंदीरच निघाले. म्हणजे पुरावा चाचांनी आधीच हलवला होता. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखलेला मी तसाच बाजारातल्या चाचांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. मागे मावशी.

"चाचा, खून झाला तवा तुमी कुठं होते?"

भाजीवाल्यांचे तराजू थांबले. चाचांनी चष्मा काढला. "कोनाचा खून?"

"ते तुमालेच मालूम. दादानं समदं लिहून ठेवलं हाय."

चाचांनी माझ्या हातातली वही घेतली. दोन पानं वाचली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, घाबरले. ते हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"अबे, हा गेम हाय. इकडे ये."

दुकानाच्या मागे एक जाड पाठीचा जुना कॉम्प्युटर होता. पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा चंद्र, त्यावर एक शहर आणि लांब कोटातला गुप्तहेर.

"दुपारी शटर खाली करून आमी दोघं खेळत बसत होतो. इंग्रजी नावं त्याच्या ध्यानात नाही राहत, म्हणून त्यानं समद्यांले गावातली नावं देल्ली. खुनाचा संशय माह्यावर. पण त्यात माहे केस काळे हायेत, म्हणून मी काही बोललो नाही."

"आन मी कोन?" मावशीने मागून विचारलं.

"तुमी चंद्राच्या महापौर."

मावशीने पदर नीट केला. तिचा राग निम्मा तिथेच उतरला.

"आन मी?" मी विचारलं.

चाचांनी वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत बोट ठेवलं. दादाचंच अक्षर होतं. 'पप्या म्हणजे यंत्रमानव. आधी भिंत तोडतो, मग दार शोधतो. पण त्याच्याशिवाय पुढं जाता येत नाही.'

मी बराच वेळ ती ओळ वाचत होतो. वाचायला मला वेळ लागतो, हे सांगितलंच.

"त्यानं जिथं सोडला, तिथंच हाय गेम," चाचा म्हणाले. "दाब बटन."

मी दाबलं. यंत्रमानव धावत जाऊन भिंतीवर आदळला, विटा पडल्या, आणि आत खरंच पुराव्याची पेटी होती. खुनी चाचाच निघाले. आम्ही तिघं इतके हसलो, की गिऱ्हाईक परत गेलं. चार महिन्यांत पहिल्यांदा दादाचं नाव निघूनही मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या चार विटा बसवायला गेलो. शेवटची वीट लावताना बाजूला पाहिलं. दोन हातांवर कोठीचं दार होतं.

"मावशी, हे कालही होतं?"

"होतं," मावशी म्हणाली. "उघडंच होतं."