रॉकेलमधली माती

आज रंगाऱ्याने ब्रश धुवायला रॉकेल ओतलं आणि त्या वासासरशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले. तेव्हा गावी, नंदाखालला, पप्पा नव्या घराचा पाया खणत होते. तिथली काळी माती मी डब्यातून आणली, वाळवून चाळली आणि काचेच्या दोन नळ्यांत सारखीच घातली. एकीत पाणी ओतलं, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रॉकेलमधली माती होती तेवढीच, पाण्यातली फुगून दुप्पट! ज्वालामुखीचा काळा दगड झिजून झालेल्या मातीत पाणी पिऊन फुगणारं खनिज असतं, हे पुस्तकात वाचलं होतं. आता ते समोर दिसत होतं. मी लगेच घरी फोन लावला.

"पप्पा, पाया भरू नका. ही माती पावसात फुगेल, उन्हाळ्यात आकसेल, भिंती तडकतील. कडक मुरूम लागेपर्यंत खाली जा."

"तू स्वतः बघितलंस?"

"आत्ता बघतेय."

फोन कानाला असतानाच ते गवंड्याला म्हणाले, "काम थांबव. आमची इंजिनीअर नाही म्हणते."

पाया आणखी खोल गेला. घराला आजवर तडा नाही. त्या दिवशी मी फुगलेल्या मातीच्याच आनंदात होते. मी तेव्हा जेमतेम दुसऱ्या वर्षाला होते आणि काम थांबवायला पप्पांनी क्षणभरही विचार केला नव्हता, हे मात्र आज कळतंय.