नाकाकडे झुकलेला पंख

कपितोलिना येगोरोव्नाला आम्ही कापा म्हणायचो, आणि पाठीमागे भित्री. गॅस बंद केलाय का हे बघायला ती अर्ध्या वाटेतून घरी परतायची. आधी ती तंबू शिवायची. मग एकोणीस वर्षं माझ्यासमोरच्या टेबलावर विमानांचे पंख थापत राहिली. नवरा वारला तेव्हाही तिने तीनच दिवस रजा घेतली होती.

सोव्हिएत संघ जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्या वसंतात आमचं नवं लढाऊ विमान पहिल्यांदा उडणार होतं. त्याचे पंख शेपटीकडे न झुकता नाकाकडे झुकलेले. वेगात असा पंख टोकाशी पिळवटतो आणि तुटतो. तो पिळवटू नये म्हणून राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड ठरावीक तिरक्या दिशेने थरावर थर लावत जायचं. उजवा पंख कापाचा, डावा माझा. प्रत्येक थराच्या पाठीवर पातळ प्लास्टिक असतं. ते सोलून, वर थराचा नंबर घालून पेटीत टाकायचं आणि संध्याकाळी मोजायचं. तुकडा आत राहिला तर तिथे थर चिकटतच नाहीत.

पण ते प्लास्टिक टोमॅटोच्या रोपांवर घालायला इतकं झकास, की अख्खा विभाग ते घरी न्यायचा. मोजतंय कोण! ‘पूर्ण’ असं लिहून आम्ही सही ठोकायचो.

उड्डाण शुक्रवारी होतं. सोमवारी कापा पांढरीफटक होऊन आली.

“रिम्मा, काल दाचावर, गावाबाहेरच्या बागेतल्या घरी, सगळ्या रोपांवरचं प्लास्टिक काढून नंबर लावून बघितलं. एक्केचाळीस नंबरचं नाहीये गं.”

“अगं बाई, वाऱ्याने उडालं असेल. शेजाऱ्याच्या कोबीत बघ.”

“बघितलं. त्याच्या कुत्र्याच्या खोपटातसुद्धा बघितलं. तू तुझं मोजलंस?”

माझ्याकडचं प्लास्टिक नणंदेने कधीच चुलीत घातलं होतं.

“मोजलं. पुरं आहे,” मी म्हणाले.

तिने माझा चेहरा नीट न्याहाळला. “मी विकेंती ल्वोविचना सांगणार आहे.” ते आमचे विभागप्रमुख.

“डोकं फिरलंय का तुझं? प्लास्टिक नेलं म्हणजे चोरी! पेन्शनला दोन वर्षं राहिलीत, हाकलून देतील.”

“आणि आत जो बसणार आहे, त्याचं काय?”

तिने कबुलीजबाब लिहून दिला. काय लिहिलं, मी विचारलं नाही. दोन दिवस तपासणीची माणसं यंत्र घेऊन पंखांवरून इंच इंच फिरत होती. दोन्ही पंखांवरून. कापा समोर बसून नखं कुरतडत होती, आणि तिला धीर द्यायचीही मला लाज वाटत होती.

बुधवारी दुपारी निकाल आला. उजवा पंख स्वच्छ होता. डाव्याच्या टोकाजवळ, तळहाताएवढं प्लास्टिक.

विकेंती ल्वोविचनी मला आत बोलावलं. माझ्या पोराचं शिक्षण, आमचं कारखान्याचं घर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी कापाचा कागद माझ्यापुढे सरकवला. खाली तिने लिहिलं होतं: ‘डाव्या पंखाच्या टोकाचे थरही मीच लावले. रिम्मा तेव्हा दवाखान्यात गेली होती. म्हणून दोन्ही पंख तपासावेत.’

मी कुठल्याही दवाखान्यात गेले नव्हते. तिने माझा चेहरा वाचला होता, आणि माझ्यावर आळ न येऊ देता माझा पंख तपासून घेतला होता.

“हे खरं आहे?” त्यांनी विचारलं.

दाराच्या काचेतून कापा दिसत होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

“हो,” मी म्हणाले.

तिला त्याच संध्याकाळी काढून टाकलं.