यमुनाबाईंच्या कडेच्या ओळी

तीर्थपुरीच्या एका लग्नात अक्षता पडल्या आणि यमुनाबाई गायब झाल्या. सापडल्या त्या मांडवामागच्या कपाशीत. नव्या साडीचा पदर खोचून, पर्समधल्या अडकित्त्याने परक्याची बोंडं फोडत होत्या. शेतमालक धावत आला. "बाई, काय करून राह्यल्या?"

"तुमचा पाहुणा बघून राह्यले," म्हणत त्यांनी तळहातावरची शेंदरी अळी त्याच्यापुढे धरली.

जालन्यात आमच्या कॉलेजात त्या आनुवंशशास्त्र शिकवायच्या, मी वनस्पतिशास्त्र. धावडा गावच्या मेंढपाळाची ही लेक परदेशात शिकली आणि तिथली प्रयोगशाळा सोडून परत आली. कारण एकच प्रश्न डोक्यात घर करून बसला होता. अंगातल्या विषाने अळीला मारणारी म्हणून आणलेली कपाशी अळीला पचायला कशी लागली? वर्गात कोणी 'अळी शिकली' म्हटलं की बाई खवळायच्या. "शिकत न्हाई रे बाबा! मरायच्या त्या मेल्या, उरल्या त्यांची पिल्लं वाढली. माझा बाप मेंढे निवडायचा, आपण अळ्या निवडल्या." त्यांच्यासोबत चहाही धड पिता यायचा नाही. आपला कप तोंडाला लागेपर्यंत बाई जीपमध्ये.

निवृत्तीआधीच्या हंगामात त्यांचा सगळा जीव जाफराबादजवळ, धाकट्या भावाच्या रानात अडकला होता. किसनच्या शेताच्या कडेने त्यांनी साध्या, बिनविषाच्या कपाशीच्या ओळी लावल्या होत्या. त्यांवर फवारायचं नाही, अळ्या लागू द्यायच्या. कपाशीच्या विषाने मरणाऱ्या जुन्या जातीच्या अळ्या अजून शिल्लक आहेत का, एवढंच बघायचं होतं. "त्या संपल्या तर उरतील त्या समद्या विष पचवणाऱ्या. मंग बसा जल्मभर औषधं बदलत," त्या म्हणायच्या.

आम्ही पोचलो तेव्हा किसन बांधावर हसत उभा. कडेच्या ओळी हिरव्यागार, स्वच्छ.

"बघ आक्का, एक बी अळी न्हाई! लोक हसत व्हते, प्रोफेसर बहिणीचं रान किडलं म्हणून. पात्या-कळ्या लागल्यापासून बराबर फवारून राह्यलो."

आता भडका उडणार, असं मला वाटलं. बाई ओळीच्या टोकापर्यंत बोंडं फोडत गेल्या, तशाच परत आल्या. "राखलंस चांगलं," एवढंच बोलल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी त्याला सगळं नीट समजावलं. किसन खाली मान घालून ऐकत होता.

"पुढच्या वर्षी पुन्हा लावू. चला सर, जल्दी," म्हणत त्या उठल्या.

पुढचं वर्ष बाईंना मिळालं नाही. हिवाळ्यात हृदयविकाराच्या एका झटक्यात गेल्या. मला अजून राग येतो, कोणावर ते कळत नाही.

परवा किसनचा फोन आला.

"सर, औंदा कडेच्या ओळींना हात न्हाई लावला. बोंडं किडलीत." मग त्याने विचारलं, "आता कोन येनार बघायला?"